चार तास पुरेल एवढी बॅटरी

शांताराम यादवला गुडगावात पहिल्या भेटीत जो तो एकच प्रश्न विचारायचा, "यादवजी, गाँव कौन सा?" हरियाणाच्या त्या पट्ट्यात यादवांची गावंच्या गावं आहेत, त्यामुळे समोरच्याला वाटायचं, हा रेवाडीकडचा असणार. शांताराम सांगायचा, "सातारा." समोरचा जरा विचार करून म्हणायचा, "ये झज्जर के पास पड़ता है क्या?" पहिली दोन वर्षं शांतारामने महाराष्ट्राचा नकाशा हवेत बोटाने काढून दाखवला. मग तोही कंटाळला आणि "हाँ, थोड़ा आगे" म्हणून मोकळा व्हायला लागला.

२००१ साली तो फौजेतून निवृत्त झाला. चोवीस वर्षं सिग्नल्समध्ये, म्हणजे बिनतारी संदेशांच्या खात्यात काढलेली, शेवटची नेमणूक दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये. तेव्हा गुडगावात मोहरीच्या शेतांमधून काचेच्या इमारती वर येत होत्या. प्रत्येक इमारतीला फाटक होतं आणि प्रत्येक फाटकाला एक माजी सैनिक हवा होता. शांतारामही उद्योग विहारमधल्या एका मोबाईल कंपनीच्या फाटकावर निळा गणवेश घालून उभा राहिला. राहायला पालम कॉलनीत, रेल्वे फाटकाच्या अलीकडे दोन खोल्या. बायको चंद्रप्रभा आणि शाळेत जाणारी मुलगी सुनयना.

फाटकावर चार वर्षं गेली. एकदा पहारेकऱ्यांचे तीन वॉकीटॉकी बिघडले, आणि दुरुस्तीवाला आठ दिवस फिरकला नाही. शांतारामने वरच्या प्रयोगशाळेतून सोल्डरिंग आयर्न, म्हणजे तारांना डाग द्यायचं हत्यार, मागून आणलं आणि दुपारच्या सुट्टीत तीनही संच उघडून जोडले. हत्यार परत न्यायला प्रयोगशाळेचे साहेब स्वतः खाली आले. त्यांनी उघड्या संचातला जोड डोळ्याजवळ धरून पाहिला आणि विचारलं, "ये किसने किया?" महिन्याभरात शांताराम दुसऱ्या मजल्यावर गेला. तिथे बसायला फिरती खुर्ची होती. पहिले काही दिवस तो तिच्या कडेवर, उठायच्या बेतात असल्यासारखा बसायचा.

काम त्याला आवडलं. फोनमधली बॅटरी काढून टाकायची, तिच्या जागी दोन तारा जोडायच्या आणि फोन किती वीज ओढतोय ते संगणकावर बघायचं. पडद्यावर एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे चालत राहायची. फोन लावला की रेघ उंच उडी मारायची, ठेवला की खाली यायची. शांताराम दिवसभर ती रेघ बघायचा आणि वहीत नोंदी करायचा. त्याच्या शेजारच्या टेबलावर अर्पिता बसायची. ती इंजिनियर होती, सत्तावीस वर्षांची. वडील केंद्र सरकारात नोकरीला, त्यामुळे सगळं लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. तिचं मराठी घरापुरतं होतं. पण शांताराम मराठी आहे हे कळल्यापासून ती हट्टाने मराठीतच बोलायची, आणि शब्द अडला की हिंदीच्या खांद्यावर हात टाकून पुढे जायची.

२०१० साली सुनयनाचं लग्न होऊन ती कोल्हापूरला गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात चंद्रप्रभाचे पाय सुजायला लागले. तिचा रक्तदाब कितीतरी वर्षांपासून वाढलेला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. पत्ता लागला तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली होती. शांतारामने आपलं मूत्रपिंड देऊ केलं, ते जुळलं नाही. सुनयना तयार होती, पण चंद्रप्रभा म्हणाली, "तिला अजून लेकरं व्हायचीत. हा विषय परत काढायचा नाही." परत काढला गेला, आधी तिच्या अपरोक्ष, मग तिच्यासमोर, पण तिने ऐकलं नाही. गावी परत जायचं दोघांच्या मनात होतं, तेही बारगळलं. घराजवळच, दिल्लीच्या द्वारका भागातल्या रुग्णालयात माजी सैनिकांच्या योजनेतून डायलिसिस व्हायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. चार तास.

चार तास म्हणजे किती असतात ते शांतारामला पहिल्या शनिवारी कळलं. डाव्या हातात दोन जाड सुया, एकीतून रक्त यंत्रात जातं, दुसरीतून परत येतं. तो हात हलवायचा नाही. उजव्या हाताने फार तर पदर सारखा करता येतो. चंद्रप्रभा छताकडे बघत पडून राहायची. छतावर पांढऱ्या चौकोनी फरश्या होत्या. "एकशे बारा आहेत," ती एकदा म्हणाली. "कडेच्या अर्ध्या धरून."

त्या फरश्यांनीच सगळं सुरू केलं म्हणायला हरकत नाही. ती मोजता मोजता गुणाकार करायला लागली, आडव्या किती, उभ्या किती. मग तिला आठवलं की नववीत तिला गणितात वर्गात सर्वांत जास्त गुण होते. नववीनंतर सुट्टीत लग्न झालं आणि दहावीचं पुस्तक तिने हातात धरलंच नाही.

"अहो," एका रविवारी ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आपल्या बाजूच्या गल्लीतल्या शर्माबाईंनी कुठला तो फॉर्म भरला होता? बाहेरून दहावीचा?"

"कशाला?"

"मला भरायचाय."

शांतारामने तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. पन्नास वर्षांची बाई, आठवड्यातून तीन दिवस सुयांना बांधलेली. त्याने "बरं" म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी फॉर्म आणला. पहिला विषय तिने गणित घेतला. बाकीचे मागाहून.

तोवर मोबाईलवर थ्रीजी आलेलं होतं. अर्पितानेच तिला एका मास्तरांचे धडे शोधून दिले. कुठल्याशा छोट्या गावातले मास्तर काळ्या फळ्यावर खडूने हिंदीतून गणित शिकवायचे आणि कुणीतरी ते टिपून इंटरनेटवर टाकायचं. चंद्रप्रभाला मास्तर आवडले. अडचण शब्दांची होती. 'भिन्न' म्हणजे आपले अपूर्णांक हे कळायला तिला दोन दिवस लागले, आणि लसाविला 'लघुत्तम समापवर्त्य' म्हणतात हे कळल्यावर ती म्हणाली, "नावातच एवढं दमवलं, तर गणित कधी करायचं?" पण ती शिकत गेली. फोनचा पडदा पुरेसा मोठा होता. तो पलंगाच्या दांडीला अडकवायला शांतारामने तारेचा एक आकडा करून दिला. उजव्या हाताशी वही.

आणि फोन अडीच तासांनी मरायचा.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा तिने घरी येऊन चप्पलही न काढता सांगितलं, "अहो, मास्तर त्रिकोणाची शेवटची पायरी लिहीत होते. लिहिता लिहिता गेले. दीड तास नुसती पडून होते मी, ती पायरी काय असेल म्हणून."

"आपण चार्जर लावू तिथे."

"सिस्टर लावू देत नाही. भिंतीतले सगळे प्लग मशीनचेच आहेत."

ते खरं होतं. केरळची एक सिस्टर त्या कक्षाची प्रमुख होती आणि यंत्रांच्या प्लगजवळ कुणी गेलेलं तिला खपत नसे. तिचं चुकत नव्हतं. शांतारामने मग दुसरी बॅटरी घेऊन दिली. पण फोनचं मागचं झाकण उघडायला दोन हात लागतात. शनिवारी तो स्वतः बसलेला असायचा तेव्हा ठीक, मंगळवार-गुरुवारी तो तिला सोडून कामावर जायचा. सिस्टरला दर वेळी सांगणार कोण? त्याने एका सायबर कॅफेत जाऊन वीस धडे फोनच्या मेमरी कार्डात भरून आणले, म्हणजे इंटरनेट लागणार नाही आणि बॅटरी पुरेल. ते चार दिवस चालले. पाचव्या दिवशी तिचं एकविसाव्या धड्यावर अडलं नाही, तर मागे सातवीतल्या अपूर्णांकांच्या भागाकारावर अडलं, आणि तो धडा कार्डात नव्हता. "मला कुठे अडणार हे आधी कसं कळणार?" ती म्हणाली.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत त्याच्या टेबलावर एक नवा फोन आला. त्याच्यावर व्हिडिओ चालवून किती वीज जाते ते मोजायचं होतं. शांतारामने तारा जोडल्या, कुठलासा क्रिकेटचा व्हिडिओ लावला आणि हिरवी रेघ बघत बसला. रेघ वर गेली आणि वरच राहिली. त्याने व्हिडिओ चालू ठेवून पडदा पुठ्ठ्याने झाकल्यासारखा अगदी मंद केला. रेघ थोडी उतरली, पण फार नाही. मग त्याने बारीक पाहिलं. माहिती तुकड्यातुकड्याने येत होती. एक घोट, थोडी उसंत, पुन्हा एक घोट. उसंतीतही रेघ खाली येत नव्हती.

"मॅडम," त्याने अर्पिताला हाक मारली. "आता काही येत नाहीये ना आत?"

अर्पिता खुर्ची सरकवत आली. "नाही. चार सेकंदांनी येईल पुढचं."

"मग सेट उघडा का आहे?"

"सेट? म्हणजे फोनमधला नेटवर्कशी बोलणारा रेडिओ?" ती हसली. "काका, तो वाट बघतो. अजून काही येईल का म्हणून. नेटवर्कचा नियमच आहे, शेवटचा तुकडा आला की काही सेकंद जागं राहायचं, मग झोपायचं. पण व्हिडिओ असा थोडा थोडा येत राहतो ना, त्यामुळे त्याला झोपच नाही मिळत. झोपायला गेला की कोणी तरी उठवतं."

"आणि नुसतं जागं राहायला एवढं खातो?"

"बिल्कुल. पडद्याचं खाणं वेगळं. पण हे जवळजवळ निम्मं आहे."

शांताराम खुर्चीत मागे टेकून बसला. "आमच्या पोस्टवर मी असा सेट उघडा ठेवला असता, तर साहेबांनी मला उलटा टांगला असता."

मग त्याने तिला सांगितलं. उत्तर सिक्कीममध्ये, पंधरा हजार फुटांवर त्यांची चौकी होती. बॅटऱ्या खेचरांच्या पाठीवरून यायच्या आणि बर्फ पडला की यायच्या नाहीत. बिनतारी संच नुसता ऐकत ठेवला तरी बॅटरी उतरायची. म्हणून नियम होता: तासातून पाच मिनिटं संच उघडायचा. तासभरात जे काही सांगायचं असेल ते कागदावर लिहून ठेवायचं, आणि ती पाच मिनिटं आली की सगळं एका दमात सांगून, समोरचं सगळं एका दमात लिहून घेऊन संच बंद. "एकदम बोला, एकदम गप्प बसा," तो म्हणाला. "आठवड्याची बॅटरी आम्ही तीन आठवडे पुरवली आहे. तुमचा हा व्हिडिओ एकदम का येत नाही? दहा मिनिटांचा एकदम घ्यायचा, ठेवायचा आत, आणि रेडिओला म्हणायचं, झोप बाबा."

अर्पिताने खुर्ची आणखी जवळ ओढली. "यावर लोकांनी लिहिलंय, काका. बाहेरच्या कॉलेजांत. पण आपल्या प्लेअरमध्ये कोणी केलं नाहीये." मग तिने विचारलं, "तुम्हाला आज हे एकदम कसं सुचलं?"

तेव्हा त्याने चंद्रप्रभाच्या अडीच तासांचं सांगितलं. तोवर कचेरीत त्याने बायकोचं आजारपण कुणाला सांगितलेलं नव्हतं. अर्पिता धडे शोधून देताना एवढंच समजली होती की काकू घरी बसून शिकतात.

त्यांचा प्रमुख इंद्रजित भला माणूस होता, पण हिशेबी. त्याने दोघांचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "लोग देखते कहाँ हैं पूरा? मिनिटभर बघतात, सोडतात, दुसरं लावतात. दहा मिनिटांचं आधीच आणून ठेवलं आणि बघणाऱ्याने पहिल्याच मिनिटाला बंद केलं, तर नऊ मिनिटं फुकट. बॅटरीही फुकट आणि त्याचा डेटाही."

हे शांतारामला पटलं, आणि पटलं म्हणूनच झोंबलं. शनिवारी तो चंद्रप्रभाजवळ बसला तेव्हा त्याच्या हातात वही होती. कक्षात अकरा पलंग होते, आणि सात-आठ जणांच्या हातात फोन. त्याने एकेकाजवळ जाऊन विचारलं, आपण काय बघता, किती वेळ बघता, एवढं लिहून घेतलं तर चालेल का? चार तास पडून असलेल्या माणसांना कुणी काही विचारायला आलं याचाच आनंद होता. कुणी भजन बघत होतं, कुणी कुस्त्या, एक सरदारजी आजोबा ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचे व्हिडिओ एकामागून एक बघत होते. शांतारामने चार शनिवार नोंदी केल्या. चौथ्या शनिवारी चंद्रप्रभाने वही मागून घेतली आणि उजव्या हाताने त्यातून एक आलेख काढला. आलेख ती नुकतीच शिकली होती.

"हे बघा," ती म्हणाली. "ज्याला सोडायचंय तो पहिल्या दोन मिनिटांतच सोडतोय. दोन मिनिटं टिकला की मग शेवटपर्यंत बसतोय."

"आपल्याकडे आलेल्या पाहुण्यासारखं," शांताराम म्हणाला. "उंबऱ्यातून जाणारा उंबऱ्यातूनच जातो. एकदा मांडी घालून बसला की..."

"की पिठलं टाकावं लागतं," चंद्रप्रभा म्हणाली आणि हसली. सुया टोचलेल्या हाताला धक्का लागला म्हणून यंत्र किंचाळलं. सिस्टर धावत आली आणि दोघांना ओरडा बसला.

इंद्रजितने तो आलेख बराच वेळ पाहिला. "यादवजी, हे लोक पलंगाला बांधलेले आहेत. जाणार कुठे?" तेही खरं होतं. पण या वेळी अर्पिताने हट्ट धरला. कंपनीजवळ दोनशे स्वयंसेवकांचे फोन होते, त्यांनी काय बघितलं आणि कधी सोडलं याची नोंद होती. ती तिने दोन दिवस बसून चाळली. उतार तितका तीव्र नव्हता, पण आकार तोच होता. सुरुवातीला गळती, मग सपाट. इंद्रजित म्हणाला, "चलो, बनाओ."

अर्पिताने बनवलं. पहिली दोन मिनिटं थोडं थोडं आणायचं. बघणारा टिकला की मग मोठा घास घ्यायचा, आणि तो संपत येईपर्यंत रेडिओला झोपू द्यायचं. टेबलावरच्या फोनवर हिरवी रेघ पहिल्यांदा खाली आली आणि मिनिटामागून मिनिट खालीच राहिली, तेव्हा शांताराम उभा राहून बघत होता. एका मंगळवारी, इंद्रजितची परवानगी घेऊन, शांतारामने तो फोन चंद्रप्रभाच्या पलंगाला अडकवला.

त्या दिवशी फोन दोन तासांत मेला. आधीपेक्षाही लवकर.

अर्पिताला रडू यायचं बाकी होतं. ती गुरुवारी रजा टाकून स्वतः रुग्णालयात आली. शांतारामने ओळख करून दिली. चंद्रप्रभा म्हणाली, "ये गं. बस. तुझा फोन मी मारला, मला माफ कर."

"काकू, तुमची काय गलती? मला फक्त बघू द्या, तुम्ही कशा बघता."

ती स्टुलावर बसली आणि चंद्रप्रभा धडा बघू लागली. मास्तर वर्गसमीकरण सोडवत होते. चंद्रप्रभाने एक पायरी वहीत लिहिली, थांबली, बोटाने मागे सरकवून तीच पायरी परत ऐकली. पुढे गेली. परत मागे. एका ओळीसाठी ती पाच वेळा मागे गेली. अर्पिताने कपाळावर हात मारला.

"काय झालं?" शांतारामने विचारलं.

"काका, मी बघून झालेलं फेकून देत होते. जागा वाचवायला. त्या मागे गेल्या की बिचारा रेडिओ उठून तेच परत आणतो. दर वेळी मोठा घास!" ती चंद्रप्रभाकडे वळली. "काकू, आम्ही सगळे धरून चाललो होतो की माणूस पुढेच जातो."

"मला एकदा ऐकून नाही कळत," चंद्रप्रभा ओशाळून म्हणाली.

"कोणालाच नाही कळत. आम्ही फक्त ते मोजलं नव्हतं."

मग अर्पिता तिथेच बसून राहिली. तिने चंद्रप्रभाला विचारलं, दुखतं का?

"सुई टोचताना दुखतं. मग सवय होते. पण खरं सांगू? मास्तर शिकवत असले की हाताची आठवण राहत नाही. मशीनचा आवाजही येत नाही. फोन गेला की सगळं परत येतं." तिने पदर सारखा केला. "यांना सांगू नकोस. यांना वाटतं, मी हौस म्हणून शिकते."

शांताराम पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, पडद्याआड पाण्याची बाटली भरत उभा होता. त्याने ते ऐकलं. बाटली भरून वाहायला लागली तरी तो नळ बंद करायचं विसरला. मग त्याने बाटली पुसली, थोडा वेळ खिडकीतून खालची रिक्षांची रांग बघितली आणि बाहेर येऊन म्हणाला, "पाणी थोडंच प्यायचंय, बरं का. अर्धा पेला."

बघून झालेला धडाही आत ठेवायचा म्हणजे जागा लागणार होती. अर्पिताला आणखी तीन आठवडे लागले. तिने व्हिडिओचं चित्र जरा लहान करून आणायचा पर्यायही घातला. फळा आणि खडू दिसायला तेवढं पुरत होतं. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी शांतारामने फोन परत पलंगाला अडकवला, चंद्रप्रभाला सोडलं आणि कामावर गेला. दहा वाजेपर्यंत त्याने एकही नोंद धड केली नाही. साडेदहाला तो स्कूटर काढून निघाला. कापसहेड्याच्या चौकात ट्रकांची नेहमीची कोंडी होती. तिथे त्याने हॉर्न वाजवला नाही, एरवी तो वाजवायचा.

तो कक्षात शिरला तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. फोन दांडीला लटकत होता आणि मास्तर बोलत होते. शांताराम पलंगाजवळ गेला. चंद्रप्रभाने त्याच्याकडे न बघता उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. मास्तर शेवटची पायरी लिहीत होते. शांताराम पायथ्याशी उभा राहिला. चपला वाजू नयेत म्हणून त्याने पायही हलवला नाही. मास्तरांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या. चंद्रप्रभाने वहीत दोन रेघा मारल्या. मग वर बघितलं.

"आलं," ती म्हणाली. "माझं आधी आलं होतं. त्यांचं जुळतंय का तेवढं बघत होते."

फोनमध्ये नऊ टक्के बॅटरी शिल्लक होती. शांतारामने ते वहीत लिहिलं, तारीख घातली आणि अर्पिताला फोन केला. पलीकडून ती म्हणाली, "काका, काकूंना द्या फोन." दोघी काय बोलल्या ते त्याला कळलं नाही. चंद्रप्रभा नुसती "हो गं, हो गं" म्हणत होती.

ती युक्ती त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या फोनमध्ये गेली. जाहिरातीत 'जास्त वेळ व्हिडिओ पाहा' एवढंच होतं, आणि त्या एवढ्याशा ओळीमागे बरंच काही वेगळंही होतं, इतरांनी केलेलं. अर्पिताने अंतर्गत अहवालात नावं लिहिली: स्वतःचं, शांताराम यादवचं, आणि 'चंद्रप्रभा यादव, चाचणी' असं तिसरं. इंद्रजितने तिसऱ्या नावाखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं, मग ते खोडून टाकलं आणि सही केली.

परीक्षा त्याआधी, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये होती, द्वारकेतल्या एका शाळेत, शुक्रवारी. आदल्या दिवशी डायलिसिस, त्यामुळे अंगात त्राण नव्हतं. शांतारामने तिला पायऱ्या चढायला हात दिला. दारावरच्या माणसाने दोघांनाही अडवलं. "सिर्फ़ बच्चे अंदर जाएँगे जी." चंद्रप्रभाने प्रवेशपत्र दाखवलं. त्या माणसाने आधी फोटो पाहिला, मग तिच्याकडे, आणि बाजूला होऊन वाट दिली.

बाहेर कडुनिंबाच्या सावलीत पालक उभे होते. एका बाईने शांतारामला विचारलं, "आपकी बेटी है?"

"पत्नी हैं," शांताराम म्हणाला.

बाईंना ऐकण्यात काही चूक झाली असं वाटलं असावं. पण त्यांनी सरबताची बाटली पुढे केली. तीन तास तो उभाच होता. आत एवढा वेळ तिच्या हातात सुई नव्हती, आणि तरीही हा वेळ त्याला त्या चार तासांपेक्षा लांब वाटला. ती बाहेर आली ती चेहरा पांढरा पडलेली, ओठ सुकलेले. "एक उदाहरण राहिलं," ती म्हणाली. "येत होतं. हात चालेना."

जूनमध्ये निकाल लागला. गणितात त्रेसष्ट. चंद्रप्रभाने शांतारामला तो आकडा संगणकावर तीन वेळा वाचायला लावला. सुनयनाला कोल्हापूरला फोन झाला, तेव्हा मायलेकी दोघीही रडल्या. शांताराम स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकू लागला, कारण त्याला दुसरं काही सुचेना.

पुढच्या फॉर्ममध्ये तिने विज्ञान घेतलं. जुलैतल्या एका शनिवारी, सुया लागून यंत्र चालू झाल्यावर, तिने पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं.

"अहो, हे तुमचं खातं. विद्युतधारा म्हणजे काय?"

"म्हणजे करंट गं."

"ते कळलं. पण म्हणजे काय?"

शांतारामने घसा साफ केला. तीस-पस्तीस वर्षं त्याने करंट मोजला होता, बर्फात आणि वातानुकूलित खोलीत. त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "म्हणजे बघ, तारेतून... असं जातं ना..."

"काय जातं?"

"तेच तर."

चंद्रप्रभा हसू दाबत होती, हात हलू नये म्हणून. तिने फोनवर मास्तरांचा विज्ञानाचा पहिला धडा शोधला आणि त्याच्याही डोळ्यांना दिसेल असा पडदा वळवला.

"स्टूल जवळ घ्या," ती म्हणाली. "आणि मध्ये मध्ये बोलू नका."